ओव्हर देऊन घरी या



केअर प्लॅन लिहून लिहून बोटं दुखली, कम्युनिटी पोस्टिंगला उन्हात घरोघरी फिरलात, इंटर्नशिपमध्ये नाईट काढून तशाच लेक्चरला बसलात. नर्सिंगची ही पदवी तुम्हाला कोणी फुकट दिलेली नाही.

अशा समारंभात पाहुण्यांनी सेवा, त्याग आणि समर्पण यांवर बोलावं अशी पद्धत आहे. या तिन्ही शब्दांबद्दल मला आदर आहे. पण मेट्रनच्या खुर्चीत बसून मी जे राजीनामे घेतले, ते कामचुकार मुलींचे क्वचितच असायचे. कामचुकार माणूस नोकरी सोडत नाही, निवांत राहतो. सोडून जायच्या त्या सगळं स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या. वॉर्ड त्यांचाच, घर त्यांचंच, चूकही त्यांचीच. म्हणून आज मी नोकरीचा ताण आणि घर यांविषयी बोलणार आहे, आणि मला सांगायचंय ते एवढंच: परिचर्या हे एकटीने करायचं काम नाही. ते पुढच्या हातात देता येणं हाही तुमच्या कौशल्याचाच भाग आहे.

दुपारी दोनची ओव्हर, म्हणजे पाळी संपताना वॉर्ड पुढच्या सिस्टरकडे सोपवणं, आठवा. मॉर्निंगची आणि इव्हिनिंगची सिस्टर एकेका बेडपाशी थांबतात. सात नंबरच्या आजोबांना सकाळपासून लघवी दीडशे एमएलच झाली आहे, डॉक्टरांना कळवलंय, लॅसिक्स दिलंय, चारला पुन्हा बघ. अकरा नंबरचं रक्त यायचंय, नातेवाईक ब्लड बँकेत गेलेत. बारा नंबरच्या बाई कालपासून जेवल्या नाहीत. टाके दुखतात असं सांगतात, पण खरं म्हणजे मुलगा भेटायला आलेला नाही. मग इंजेक्शनं मोजायची, क्रॅश कार्ट तपासायची, रजिस्टरवर सही करायची. त्या सहीनंतर वॉर्ड इव्हिनिंगच्या सिस्टरचा.

आता गंमत बघा. सही होते, पण पहिली सिस्टर वॉर्डातून निघत नाही. निघाली तर बसमधून फोन करते, "अगं, सातचं आउटपुट किती झालं?" रात्री दोनला दचकून उठते, पोटॅशियमचा रिपोर्ट चिकटवला का नाही म्हणून. तिची काळजी खरी असते. पण त्या काळजीत आणखी एक समजूत दडलेली असते, की माझ्याशिवाय नीट होणार नाही. ही समजूत वेळीच सोडा. ओव्हर पूर्ण द्या, राहून गेलेलं काम राहिलं म्हणून स्पष्ट सांगा, लिहून ठेवा आणि निघा. पुढच्या सिस्टरवर विश्वास ठेवता येत नसेल, तर एक तर ओव्हर अपुरी आहे किंवा वॉर्डाची घडी बिघडली आहे. दोन्हीवर इलाज आहे, आणि तुमचं जागरण हा त्यांपैकी एकावरही इलाज नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे या दृष्टीने बघा. पहिल्या वर्षी हातात दिवा घेऊन तुम्ही शपथ घेतलीत, तो दिवा त्यांचा. पण क्रिमियाच्या युद्धातली त्यांची रुग्णसेवा १८५४ ते १८५६ अशी दोन वर्षांचीही भरत नाही. तिथे त्या स्वतः गंभीर आजारी पडल्या आणि परतल्यावर पुढची कित्येक वर्षं बहुतेक काळ खोलीतच राहिल्या. १९१०मध्ये त्या गेल्या. लष्करी आरोग्यातल्या सुधारणा, १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेली नर्सिंगची शाळा, हे सगळं त्यांनी पत्रं लिहून, आकडे मांडून, माणसं जोडून घडवलं. १८५९च्या त्यांच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण याच विषयावर आहे: आपण जागेवर नसताना रुग्णाचं काही अडू नये, अशी व्यवस्था नर्सने कशी लावावी. आपण मात्र त्यांचा दिवा तेवढा उचलला आणि ते प्रकरण मागे ठेवलं.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ला निधन होईपर्यंत त्या तिथेच, चार नंबरच्या वॉर्डापाशी होत्या. एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ तिथल्या नर्सेसनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बेडसोर न होऊ देणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दर दोन तासांनी पोझिशन बदलायची, दिवसा आणि रात्री. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हा नर्सेसनी विरोध करून तो बेत हाणून पाडला. त्यांच्या प्रकरणातल्या ७ मार्च २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची आवर्जून दखल घेतली आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

ही सेवा कोणा एका बाईने केली नाही. एकटीने केली असती, तर ती काही महिन्यांत कोसळली असती. नर्सेसच्या पिढ्या बदलल्या. कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेली, कोणाची बदली झाली, कोणी निवृत्त झाली. हल्ला झाला तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या अशा मुली पुढे त्यांच्या उशाशी उभ्या राहिल्या. प्रत्येकीने आपली पाळी केली, ओव्हर दिली आणि घरी गेली. घरी जाता आलं म्हणूनच दुसऱ्या दिवशी परत येता आलं.

आता जरा हिशोबाचं बोलू. ताण आला की आपल्याकडे नर्सला सांगतात, योगा कर, सकारात्मक राहा. योगा जरूर करा. पण २००२मध्ये अमेरिकेत लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्सच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याचा संभव ७ टक्क्यांनी आणि ती नर्स बर्नआउट होण्याचा संभव २३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे तुमचा थकवा आणि रुग्णाचा धोका एकाच कारणातून वाढतात. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स धरली आहे, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. प्रत्यक्षात तुमच्या वाट्याला किती बेड आणि त्यांवर किती फ्लोअर बेड आले, ते तुम्ही पोस्टिंगमध्ये मोजलंच असेल.

म्हणून ज्या दिवशी चाळीस पेशंटना दोघीच असाल, त्या दिवशी स्वतःला दोष देत बसू नका. कागद घ्या. तारीख, पाळी, रुग्ण किती, सिस्टर किती, व्हेंटिलेटरवर किती, कोणतं काम वेळेत झालं नाही, हे चार ओळींत लिहा, इनचार्ज सिस्टरमार्फत वर पाठवा आणि पोच घ्या. तोंडी तक्रार चहाबरोबर विरून जाते, लेखी नोंद फाइलमध्ये राहते. हीसुद्धा ओव्हरच आहे. ज्या जबाबदारीचा निर्णय तुमच्या हातात नाही, ती जिच्या हातात आहे त्या खुर्चीकडे सोपवायची. नातेवाईक अंगावर धावून आले, तरी तेच. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध २०१०पासून कायदा आहे, त्यात नर्सही येतात, आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. "जाऊ दे ग, त्यांचा माणूस गेलाय" असं म्हणून गिळू नका. त्यांचं दुःख समजून घ्या आणि थप्पड मात्र नोंदवा.

नाईटबद्दल दोन शब्द. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान आणि सावधपणा सर्वांत खाली असतो. तुमची इच्छाशक्ती कितीही असो, शरीराचं घड्याळ ऐकत नाही. त्या वेळेला डोसाचं गणित दोघींनी तपासा, हाय रिस्क औषध एकटीने भरू नका. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्या, कारण कॅफिनचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनंतरही टिकतो आणि सकाळची झोप खातो. नाईट संपवून पेंगुळलेल्या डोळ्यांनी स्कूटी चालवू नका. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७मध्ये रात्रपाळीच्या कामाची नोंद संभाव्य कर्करोगकारक म्हणून केली, ती २०१९मध्ये कायम ठेवली. घाबरवायला सांगत नाही. नाईटनंतरची झोप चैनीत मोडत नाही, एवढं घरच्यांना कळावं म्हणून सांगते.

आता घराकडे येऊ. नाईट करून सिस्टर साडेआठला घरी पोचते. ओट्यावर डबा तिचीच वाट बघत असतो. धाकट्याची बाटली, सासऱ्यांची बीपीची गोळी, कामवालीचा खाडा. अकराला आडवी होते, तर कुकरच्या शिट्ट्या. बाराला कुरिअरवाला. एकला शेजारच्या काकू, "तू घरीच आहेस ना, जरा बीपी बघतेस?" तीनला शाळेची व्हॅन. संध्याकाळी सातला पुन्हा युनिफॉर्मला इस्त्री. वॉर्डात तिच्याकडून ओव्हर घ्यायला कोणीतरी येतं तरी. घरात कोणी घेत नाही आणि तीही देत नाही. "मदत करतात हो" असं म्हणते, म्हणजे काम तिचंच, मदत त्यांची.

इथे मागच्या रांगांत बसलेल्या आई-वडिलांना आणि उद्याच्या सासरच्यांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात नर्स आली म्हणजे चोवीस तासांचा दवाखाना आला असं समजू नका. ड्यूटी लिस्ट फ्रिजवर लावा आणि तिच्याप्रमाणे घरातली कामं नावानिशी वाटा. नाईट ऑफच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत तिची खोली बंद राहील, बेल कोणीतरी दुसरं उघडेल. आणि ब्रदर्स, हे तुम्हालाही लागू आहे. रुग्णाला स्पंज बाथ देणाऱ्या हातांना घरचा कुकर लावता येत नाही, असं कोणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही.

मुलं झाली की कायद्याचाही आधार घ्या. २०१७च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय, तसंच बाळाकडे दिवसातून चारदा जाण्याची मुभा आली. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर हेही विचारा. विचारणारी मुलगी आगाऊ ठरते असं वाटेल, ठरू द्या. तुम्ही विचारलंत, तर तुमच्या मागून येणारीला विचारणं सोपं जाईल.

आणखी एक ओझं असतं, ते रजिस्टरवर कुठेच लिहिलं जात नाही. सहा दिवस ज्याचं नाक पुसलं, ज्याला गोष्ट सांगून सुई टोचली, ते पोर पहाटे जातं. नळ्या काढायच्या, बॉडी पॅक करायची, आईला धरायचं, नोंद पूर्ण करायची, बेड कार्बोलाइज करायचा, आणि सहाची इंजेक्शनं वेळेवर द्यायची. वीस मिनिटांत त्याच बेडवर नवं पोर. रडायला त्यात जागाच नाही. पण ते रडू कुठेतरी जातं: घरी मुलावर ओरडण्यात जातं, नवऱ्याशी न बोलण्यात जातं. त्याचीही ओव्हर द्यायला शिका. ड्यूटी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये सोबतिणीजवळ दहा मिनिटं बसा, काय झालं ते क्रमाने सांगा. इनचार्ज झालात, तर आपल्या मुलींना त्या दिवशी थांबवून एकदा विचारा, "बरी आहेस ना?" जेवल्या का तेही विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं मांडली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. यातलं दुसरं लक्षण तुम्ही स्वतःमध्ये सहज ओळखाल. ओव्हर देताना बारा नंबरच्या बाई का जेवल्या नाहीत हे तुम्हाला माहीतच नसेल, आणि माहीत नसल्याचं काही वाटतही नसेल, तेव्हा थांबा. रजा मागा, वॉर्ड बदलून मागा, बोला. टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. रुग्णांना नंबर देता तसा स्वतःच्या मोबाइलमध्येही ठेवा.

तुमच्यातल्या काही जणी गडचिरोलीच्या उपकेंद्रात एकट्याने बाळंतपणं करतील, काही मुंबईच्या मोठ्या आयसीयूत जातील, काही जर्मन भाषेचे वर्ग लावून परदेशी जायच्या तयारीत आहेत. जिथे जाल तिथे रुग्ण असतील, आणि कमी माणसांत जास्त काम उरकण्याचा आग्रहही असेल. कामात कसूर करू नका. पण सही करून झाल्यावर दारात घुटमळूही नका. या व्यवसायाला एका वर्षात जळून जाणाऱ्या दहा जणींपेक्षा तीस वर्षं टिकणारी एक हवी आहे.

ड्यूटीवर वेळेवर जा. ओव्हर नीट द्या. आणि वेळेवर घरी या.