कोमेनियसचा जळालेला कोश

कोमेनियसचे नाव आपल्यातील बहुतेक शिक्षकांनी बी.एड.च्या वर्गात ऐकलेले असते. सचित्र पाठ्यपुस्तकाचा जनक, एवढे उत्तरपत्रिकेत लिहून आपण पुढे जातो. मला आज बोलायचे आहे ते त्याच्या कधीच न छापल्या गेलेल्या पुस्तकाविषयी.

मोराव्हियातला हा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. धर्म बदला नाहीतर देश सोडा, असा हाब्सबर्ग सत्तेचा हुकूम निघाल्यावर १६२८ मध्ये तो पोलंडमधील लेश्नो गावी आला आणि तिथल्या शाळेत शिकवू लागला. १६३१ मध्ये सुमारे ८००० लॅटिन शब्द १००० वाक्यांत गुंफून त्याने एक क्रमिक पुस्तक काढले. त्या एका पुस्तकाने युरोपभर नाव झाले. लंडन, स्वीडन, हंगेरीहून बोलावणी आली. स्वीडनच्या आश्रयदात्यांना हवी होती ती पुन्हा लॅटिनचीच पुस्तके. या कामाला तो विटला होता. पण पैसा त्यातच होता. पोटाची भाषा एक आणि घरची दुसरी, हे इथे बसलेल्यांना मी काय सांगावे!

घरच्या भाषेचे, म्हणजे चेकचे काम बिनपगारी चालू होते. विद्यार्थिदशेत सुरू केलेला तो कोश चाळीस वर्षांहून अधिक काळ वाढत होता. १६५६ मध्ये युद्धात लेश्नो जळाले, त्यात कोशाची हस्तलिखितेही गेली. तेव्हा तो ६४ वर्षांचा होता.

अ‍ॅम्स्टरडॅमने त्याला आसरा दिला. शिक्षणविषयक समग्र लेखन तिथे छापले गेले, लॅटिनमध्ये. पुढच्याच वर्षी, १६५८ मध्ये, ते प्रसिद्ध सचित्र पुस्तक न्यूरेंबर्गला निघाले, लॅटिन आणि जर्मनमध्ये. कोशाचे दुःख श्वास असेपर्यंत सरणार नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. १६७० मध्ये तो गेला. कोश पुन्हा उभा राहिला नाही.