जहाज आलें, कागद आले नाहींत

अलास्कांतील प्रुडो बे येथून अर्जेंटिनांतील उशुआइयापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग सुमारें ३०,००० किलोमीटर लांबीचा मानला जातो. एवढ्या लांबच्या वाटेंत खंड एकच आहे. पनामांतील याविसा या गांवीं सडक संपते आणि कोलंबियांत तुर्बोच्या बाजूस ती पुन्हा सुरू होते. मधल्या सुमारें १०० किलोमीटरांच्या पट्ट्यास दारिएन म्हणतात. तेथें दाट अरण्य, दलदल आणि नद्या आहेत. मोटार जाईल अशी वाट नाहीं. मोटार घेऊन उत्तरेकडून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला ती येथें जहाजावर चढवावी लागते, आणि मग कार्ताहेना नांवाच्या एका सुंदर बंदरांत तिची वाट पाहात बसावें लागतें.

रस्त्याचा हा तुकडा बांधण्याचा विचार कोणी केला नाहीं असें नव्हे. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांनीं त्यासाठीं पैसा देऊं केला होता. परंतु दक्षिण अमेरिकेंतील गुरांत लाळ-खुरकताची सांथ होती. रस्ता झाला तर ती उत्तरेकडील गुरांत शिरेल अशी धास्ती निर्माण झाली. अरण्याचें आणि तेथील एंबेरा, गुना या लोकांचें काय होईल, हा प्रश्नहि पुढें आला. १९७५ मध्यें संयुक्त संस्थानांतील न्यायालयानें या कामाचा पैसा रोखला आणि रस्ता राहिला तो राहिलाच.

समुद्राची वाट मात्र लहान आहे. पनामा कालव्याच्या कॅरिबियन तोंडाशीं कोलोन हें बंदर आहे. तेथून कार्ताहेना सुमारें ५०० किलोमीटर. मालवाहू जहाजाला एक-दोन दिवस पुरतात. तरीहि या प्रवासांत एक ते तीन आठवडे मोडतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे. प्रथम पनामाचे पोलीस मोटारीच्या सांगाड्यावरील आणि यंत्रावरील क्रमांक कागदांशीं ताडून पाहतात. खर्च वांटून घेण्यासाठीं बहुधा दोन अनोळखी प्रवासी मिळून एकच ४० फुटी कंटेनर घेतात. त्यामुळें एकाच्या कागदांत चूक निघाली कीं दोघेहि अडकतात. शेवटीं कंटेनरला मोहर लागते, आणि धनी विमानानें किंवा शिडाच्या नौकेनें पुढें जाऊन बसतो.

जहाज कार्ताहेनास लागतें. कंटेनर धक्क्यावर उतरतो. पण मोटार मिळत नाहीं. कारण बिल ऑफ लेडिंग हातांत नसतें. मुंबईच्या व्यापारी पेढ्यांना हा कागद परका नाहीं. रेल्वेच्या मालाची जशी बिल्टी, तशी जहाजाच्या मालाची ही पावती. हिंदुस्थानांत तिच्यासंबंधीं १८५६ चा कायदा २०२५ पर्यंत चालला. त्या वर्षीं त्याच्या जागीं नवा आला. या एका कागदांत तीन गोष्टी सामावलेल्या असतात: माल चढल्याची पावती, वाहतुकीचा करार आणि मालावरील हक्काचा पुरावा. जहाजें महिने महिने समुद्रावर असत आणि माल वाटेंतच विकला जाई, त्या काळांत ज्याच्या हातीं मूळ प्रत त्याचा माल, हा नियम रूढ झाला. आतां जहाजाचा वेग वाढला आहे, आणि जवळच्या प्रवासांत कागद मागें राहून जहाजच आधीं पोहोंचतें.

कागद मिळाल्यावर खरें काम सुरू होतें. मोटार देशांत विकली जाणार नाहीं, मुदतींत बाहेर जाईल, अशा बोलीवर जकात खातें तात्पुरता परवाना देतें. त्याशिवाय सक्तीचा विमा उतरावा लागतो. मग तपासणी, बंदराचें भाडें आणि शेवटीं फाटकावरील चिठ्ठी. प्रत्येक खिडकीला आधींच्या खिडकीचा शिक्का हवा असतो. मोटारीच्या सांगाड्यावर सतरा अंकाक्षरांची ओळख कोरलेली असते. शून्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून तींत ‘ओ’ हें अक्षर वापरीतच नाहींत. पण कारकुनाच्या बोटांना तें ठाऊक नसतें. एक अक्षर चुकलें कीं कागद परत फिरतो. अशांत सोमवार उजाडतो आणि कचेरी बंद आढळते! कोलंबियांत १९८३ च्या कायद्यानें बरेचसे सण लगतच्या सोमवारीं ढकलले आहेत, आणि तो कायदा ज्यांच्या नांवानें ओळखला जातो ते एमिलियानी रोमान हे कार्ताहेनाचेच होते.

तोंवर दिवस कसे जावे? १५३३ मध्यें वसविलेलें हें शहर तटबंदीच्या आंत अजून नांदतें आहे. वर्षभर सारखाच उकाडा. दुपारीं रस्ते ओस पडतात आणि सायंकाळीं वारा सुटला कीं तटावर माणसें जमतात. नारळाच्या दुधांतील लिंबाचें सरबत मिळतें, रंगीत झग्यांतील बायका डोक्यावर फळांच्या टोपल्या घेऊन हिंडतात. एका चौकाचें नांवच जकातीचा चौक. त्यांतील जुन्या जकातघरांत आतां नगराध्यक्षाची कचेरी आहे. तेथें परवाना शोधावयास गेलेल्या प्रवाशाला दुसरीकडे जावें लागतें.

या बंदराला प्रतीक्षा नवी नाहीं. स्पेनची गलबतें कार्ताहेनास येऊन थांबत. पेरूची चांदी पनामास पोहोंचल्याची बातमी आली म्हणजे तीं कोलोनजवळच्या पोर्तोबेलोच्या जत्रेला निघत. १७०६ मध्यें आलेल्या तांड्याला या जत्रेसाठीं १७०८ उजाडेपर्यंत येथेंच राहावें लागलें. त्यांतील ‘सान होसे’ हें गलबत परततांना जून १७०८ मध्यें इंग्रजांशीं झालेल्या लढाईंत कार्ताहेनाजवळ बुडालें; त्याचे अवशेष २०१५ मध्यें सांपडले.

कागदांचा हा जाच अगदींच निष्कारण आहे असें म्हणतां येणार नाहीं. कोकेनच्या चोरट्या व्यापारानें या किनाऱ्यावरील प्रत्येक कंटेनर संशयाचा विषय केला आहे. मोहर आणि क्रमांक यांच्या पडताळणींतून प्रवाशाचेंहि रक्षण होतें. त्याच्या मोटारींत दुसऱ्या कोणीं कांहीं ठेवलें, तर जाब त्यालाच द्यावा लागेल.

याच किनाऱ्यावर दक्षिणेस नेकोक्ली नांवाचें समुद्रकांठचें गांव आहे. २०२१ मध्यें तेथें हजारों माणसें वाळूवर तंबू ठोकून बसलीं होतीं. हैती, क्यूबा, व्हेनेझुएला येथून निघालेलीं तीं कुटुंबें आखातापलीकडे जाणाऱ्या होडीच्या तिकिटाची वाट पाहात होतीं. पलीकडे दारिएनचें अरण्य होतें, आणि ज्या वाटेनें मोटार जाऊं शकत नाहीं त्या वाटेनें तीं मुलांना खांद्यावर घेऊन पायीं जाणार होतीं. कारण दुसऱ्या कोणत्याहि वाटेसाठीं लागणारा परवाना त्यांना कोणी देत नव्हतें. २०२३ या एका वर्षांत पांच लाखांहून अधिक माणसें ही वाट चाललीं. अनेकजण परत दिसले नाहींत. २०२५ मध्यें हा ओघ जवळजवळ आटला. आणि उत्तरेकडील दार बंद झालेलीं कांहीं कुटुंबें उलट दक्षिणेकडे परतूं लागलीं.

कार्ताहेनांतील प्रवाशाची तक्रार खोटी नव्हे. पैसा संपत येतो, देशांत राहण्याच्या मुदतींतले दिवस फुकट जातात, रोज तीच खिडकी आणि तेंच ‘उद्यां’ हें उत्तर. पण केव्हांतरी तो उद्यां येतो. फाटक उघडतें, कंटेनरची मोहर फुटते, उकाड्यानें कोंदलेली मोटार बाहेर येते आणि दक्षिणेची सडक समोर असते. ज्या दिवसांत तो खिडकीशीं कंटाळून उभा होता, त्या दिवसांत त्याच्या नांवाचा एक कागद कोठेंतरी तयार होत होता. नेकोक्लीच्या वाळूवर बसलेल्यांच्या नांवानें तसा कागद कोणत्याच कचेरींत तयार होत नव्हता.