रविवारचा चहा



ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक टॉल्किन आपल्या अद्भुतकथेची प्रकरणे सी. एस. लुइस यांच्या खोलीत मित्रांना वाचून दाखवीत. ‘इंकलिंग्ज’ म्हणविणाऱ्या त्या मंडळींना ना घटना होती, ना वर्गणी. त्यांच्याविषयी वाचताना आम्हांस पुण्याचे रविकिरण मंडळ आठवले.

१९२३ साली स्थापन झालेल्या त्या मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर व मनोरमा रानडे हे कवी रविवारी चहाला जमत आणि कविता वाचीत. माधव जूलियन फर्ग्युसन महाविद्यालयात फारसी शिकवीत. पुढे ‘छंदोरचने’साठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी. लिट. दिली. पंडित आणि कवी एकाच देहात नांदत होते! अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये या संप्रदायाची यथेच्छ थट्टा केली. (तीही आम्हांस तितकीच प्रिय आहे.) पण थट्टा व्हायलासुद्धा आधी कुणी लिहावे लागते.

आमच्या बदल्यांबरोबर पुस्तकांच्या पेट्या गावोगाव हिंडल्या. कवितांची वही मात्र तळाशीच राहिली. जयनगरात गणेशोत्सवाला सभागृह भरते, पण स्वतःचे लिखाण वाचावयास कुणी उभे राहत नाही. आमची कन्या इंग्रजीत कविता करते. “मराठीत का नाही?” असे विचारता ती म्हणाली, “बाबा, ऐकणार कोण?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

येत्या रविवारी चार वाजता आमच्या घरी चहा आहे. वह्या घेऊन या. आमची वही आम्ही शोधून ठेवली आहे.