जहाजावरचं जेवण आणि एक न झालेली सही

(सोसायटीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलताना जसे आले तसेच बरेचसे ठेवले आहे.)



दूध आटेपर्यंत कुणीतरी बोलायचं असतं, त्याप्रमाणे यंदा माझ्यावर पाळी आली आहे. चिटणीस म्हणाले, "तुमच्या क्रूझबद्दल बोला, म्हणजे लोक बसतील." लोक का बसतील हे मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी आपल्या सोसायटीतून आम्ही बारा जण सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाने पेनांग आणि फुकेत करून आलो. चार रात्री. परत आल्यापासून लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये एकच प्रश्न. समुद्र कसा होता, हे कुणी विचारलं नाही. "जेवण कसं होतं?" एवढंच.

आणि बारा जणांकडून तुम्हाला उत्तरं मिळाली ती दोन टोकांची. "अहो, काय विचारता, चोवीस तास खाणं!" हे एक. "पैसे पाण्यात गेले," हे दुसरं. जहाज एक, स्वयंपाकघर एक, आचारी तेच. त्यावरून आमच्यात थोडं कमीजास्त झालं, तेही तुमच्यापासून लपलेलं नाही. पैसे पाण्यात गेले म्हणणाऱ्यांचा पुढारी मी होतो. तेव्हा माझ्या तोंडूनच ऐका.

ज्यांनी असा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जहाजाच्या भाड्यात जेवण धरलेलं असतं, पण ते एका ठिकाणचं नसतं. एक मोठं भोजनगृह असतं. तिथे तुमचं टेबल ठरलेलं, वेळ ठरलेली, वाढपी ठरलेला. वरच्या डेकवर बुफे असतो, तिथे आपण ताट घेऊन फिरायचं. आणि काही हॉटेलं अशी असतात की तिथे पुन्हा वेगळे पैसे. त्यामुळे "जहाजावरचं जेवण" असं एकच काही नसतं. सकाळी सात वाजता बुफेत गेलेल्या माणसाला इडली वाफाळती मिळते आणि साडेनऊला गेलेल्याला तीच इडली चेंडूसारखी मिळते. दोघेही घरी येऊन खरंच सांगतात.

जहाजाचं नाव मी घेणार नाही, यात्रा कंपनीचंही नाही. खातेदाराचं नाव चारचौघांत काढायचं नाही, ही बँकेतली सवय.

आता माझ्या तक्रारी. भात गार. डाळ रोज तीच, फक्त समोरच्या पाटीवर नाव बदललेलं. फुलका औषधाला नाही, नान जाड. चहा म्हणजे गरम पाणी आणि दोऱ्याला बांधलेली पुडी. मोठ्या भोजनगृहात सूप आणि पुढचा पदार्थ यांच्यात माझी एक डुलकी होई. बुफेच्या दाराशी एक मुलगी हात धुवा म्हणून "वॉशी वॉशी" असं गाणं म्हणत उभी असे, ते मला पहिल्या दिवशी गोड वाटलं, तिसऱ्या दिवशी नाही. सी विंगमधल्या एका वहिनी कडक शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. त्यांची तक्रार सगळ्यांत खरी होती. भाजीसाठी ठेवलेला चिमटा लोक माशात घालत आणि पुन्हा भाजीत ठेवत. त्यांनी चार दिवस फळं, दही आणि ब्रेडवर काढले. जहाजावर आधी कळवलं तर वेगळं शाकाहारी किंवा जैन जेवण देतात. आमचं कळवायचं राहिलं होतं. ते काम माझ्याकडे होतं, हे मी पत्रात लिहिलं नाही. पत्राचं पुढे येतंच आहे.

आमच्या टेबलाचा वाढपी गोव्याचा होता, बार्देशातला. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. मराठी ऐकून तो खुलला. फुलक्याचं त्यानेच मला समजावलं. जहाजावर आगीची भीती सगळ्यांत मोठी, त्यामुळे स्वयंपाकघरात गॅसची उघडी ज्योत नसते, सगळं विजेवर. "मग काका, फुलका फुगवणार कशावर?" मला हे सुचलंच नव्हतं. माल सगळा निघायच्या बंदरावर चढतो, तोही आधी हिशोब मांडून. कुठल्या देशाची किती माणसं आहेत, त्यावर तांदूळ किती, बटाटे किती, अंडी किती. रस्त्यात कोथिंबीर संपली म्हणून खाली जाऊन जुडी आणता येत नाही. तो आठ महिन्यांच्या करारावर होता. त्यांचं जेवण खालच्या मेसमध्ये, वेगळं. मी विचारलं, कसं असतं? म्हणाला, भात रोज असतो, कधी कधी माशाचं कालवणही असतं. पण आईचा फोन आला की ती विचारते, आज पेज खाल्लीस का. तिला काय सांगणार?

दुसऱ्या रात्रीची गोष्ट. आम्ही बाराही जण टेबलावर. माझं डाळीवर भाष्य चाललेलं. बी विंगमधले माझे मित्र, इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत, ते आपले शांतपणे जेवत होते. म्हणाले, "मला तर बरं वाटतंय रे." त्यावर मी म्हणालो, "तुझं काय, डब्यापेक्षा काहीही बरंच लागणार."

टेबल गप्प झालं. वहिनी गेल्यापासून तीन वर्षं त्यांना डबा येतो. आणि तो डबा करणाऱ्या ए विंगमधल्या ताईही त्याच टेबलावर, माझ्या समोर बसलेल्या होत्या. एका वाक्यात मी दोन माणसं दुखावली, आणि त्यानंतर गोड आलं ते मी संपवलंसुद्धा.

परतताना चांगी विमानतळावर चार तास होते. रिकामा अधिकारी वाईट. प्रवासाच्या वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी यात्रा कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं. मुद्दे एक ते आठ. टेबल क्रमांक, वेळा, वाढप्याच्या छातीवरच्या पाटीवरचं नाव, सगळं. भरपाई किती मागायची तेही. शेवटी, "आम्हा सर्वांची घोर निराशा झाली आहे." मग सह्या. आपल्याकडे सही द्यायला कुणी नाही म्हणत नाही, पुढे कागद आला की माणूस पेन शोधतो. नऊ सह्या झाल्या. बी विंगच्या मित्रानेही केली. ताईंनी वाचून "नंतर बघते" म्हणून कागद पुढे सरकवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग कागद आमच्या सौ.कडे आला. तिने पूर्ण वाचला. सहीआधी पूर्ण वाचणारी खातेदार मी नोकरीत फार थोडी पाहिली. म्हणाली, "भात गार होता, खरं. डाळ एकच होती, तेही खरं. पण 'आम्हा सर्वांची घोर निराशा' असं लिहिलंय. माझी नाही झाली. मग सही कशी करू? तुमच्या बँकेत चाललं असतं?"

मी म्हटलं, एवढं काय चांगलं होतं त्या जेवणात?

ती म्हणाली, "चार दिवस सकाळी डोळे उघडले आणि आज काय करायचं हे मनात आलं नाही. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. भात गार असेल, पण तो मी लावलेला नव्हता. आणि त्या पोराचं नाव कशाला घातलंत? त्याने का डाळ केली?"

विमानात साडेपाच तास आम्ही शेजारी बसलो होतो. बोलणं फारसं झालं नाही.

घरी आल्यावर मी काय केलं असेल? जे बँकेत करत असे तेच. तक्रार आली की सगळ्यांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे. एकेकाला गाठून विचारलं, सही विसरा, खरं सांगा. निकाल निघाला सहा विरुद्ध सहा. पाच जोडप्यांपैकी चार नवऱ्यांना जेवण वाईट वाटलं आणि चार बायकांना चांगलं. पाचवे नवरे लष्करातले, त्यांना लंगरचं खायची सवय, ते म्हणाले, "वेळेवर मिळालं ना?" पाचव्या वहिनी त्या चिमट्यावाल्या. डब्याच्या ताईंनी चवीला दहापैकी सहा दिले, म्हणून त्यांना मी वाईटात धरलं. पण त्या पुढे म्हणाल्या, "तीन हजार माणसांच्या भाजीला मीठ एकसारखं लागलं होतं. मला चाळीस डब्यांत ते रोज साधत नाही." माझ्या ध्यानातही आलं नव्हतं की मीठ एकसारखं होतं.

आणि बी विंगचे मित्र. ते म्हणाले, "जेवण मला आवडलं. सही केली, कारण कागद तू पुढे केलास. डबा मी टीव्हीसमोर बसून खातो रे. तिथे रोज रात्री टेबलाला बारा माणसं होती."

तेव्हा मला माझं लहानपण आठवलं. आमचं गाव विजयदुर्गाच्या बाजूला. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोट. डेकवर चटई पसरायची, आईने दशम्या, सुकी चटणी, लिंबाचं लोणचं बांधून घेतलेलं. हर्णै गेलं की अर्ध्या लोकांना बोट लागायची आणि दशम्या तशाच राहायच्या. बंदर आलं की पडावात उतरायचं. बोटीवरचं जेवण चांगलं की वाईट, असा वाद कुणी घातल्याचं मला आठवत नाही. बोट पोचली की झालं.

जुनी फाइल काढायची सवय, म्हणून थोडं वाचलंही. १९१२ सालच्या टायटॅनिकवर तीन वर्गांची तीन वेगळी जेवणं होती. पहिल्या वर्गाला रात्री दहा-अकरा पदार्थांची रांग, कालवांपासून बदकापर्यंत. तिसऱ्या वर्गाला सकाळी ओटची लापशी, धुरी दिलेले हेरिंग मासे, सालासकट बटाटे आणि रात्री पेज, बिस्किटं, चीज. पेज! बार्देशातल्या त्या आईला हे सांगायला हवं. पण त्या तिसऱ्या वर्गातल्या कित्येकांना घरी मिळत होतं त्याहून हे चांगलं होतं. त्याआधीच्या काळात तर देशांतराला निघालेल्या गरिबांना आपला शिधा आपणच न्यावा लागे, आपल्या दशम्यांसारखा. आता २०२४ साली निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर ७,६०० प्रवासी मावतात आणि जेवायच्या जागा वीसहून जास्त आहेत. आपल्या हॉलमध्ये तीनशे पानं उठली तरी केटररचा शर्ट भिजतो.

एक गोष्ट मला, जुन्या इन्स्पेक्शनवाल्याला, फार आवडली. परदेशातून अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांची तिथलं आरोग्य खातं न कळवता तपासणी करतं. शंभर गुण, पंच्याऐंशी किंवा कमी पडले तर नापास, आणि निकाल सगळ्यांना बघायला खुला. भांडी, पाणी, थंड-गरम पदार्थांचं तापमान, वाढणाऱ्यांचे हात, सगळं बघतात. पोटाची साथ एकदा जहाजावर शिरली की पसरते, म्हणून. ते "वॉशी वॉशी" त्यासाठीच होतं. चवीला मात्र एकही गुण नाही. तपासणार कोण आणि कुणाच्या जिभेने?

पत्र मी पाठवलं नाही. फाइलला आहे. चिमट्याचा मुद्दा तेवढा वेगळ्या कागदावर साध्या शब्दांत लिहून पाठवला, आणि जैन जेवण कळवायचं माझ्याकडून राहिलं होतं हेही त्यात लिहिलं. कंपनीचं नीट उत्तर आलं. वाढप्याचं नाव कुठेही गेलं नाही.

राहिलं ते वाक्य. परत आल्यावर मित्र दोन महिने कट्ट्यावर आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणत होते. गुडघा नव्हता. मी घरी जाऊन बोललो होतो, पण ते वाक्य अकरा जणांसमोर गेलं होतं, तेव्हा माफीही चारचौघांत व्हायला हवी. ताई, तुमचीही. आपण दोघांनीही माझी चूक वहीत लिहून ठेवली असेल, तर तिच्यापुढे आजची तारीख घाला.

(इथे तिसऱ्या रांगेतून "बस झालं, दूध ओतू जातंय" असं ऐकू आलं. समितीला सांगितलं, हे छापाच.)

तर दूध झालंच आहे, थांबतो. एक निवेदन आहे. फेब्रुवारीत मुंबईहूनच निघणाऱ्या जहाजाने लक्षद्वीपला जायचा बेत चालला आहे. नावं बी विंगमध्ये द्यायची आहेत, माझ्याकडे नाही. शाकाहारी आणि जैन जेवणाचं काय ते नाव देतानाच लिहून द्या, यावेळी ते ताई कळवणार आहेत. आणि जेवण कसं असतं असं कुणाला विचारायचं असेल, तर आमच्या सौ.ना विचारा. मला विचारू नका.