फोन करायला लाजू नका

(दहावी १९८६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'पन्नाशीनंतरचा आहार' असा विषय छापला आहे. तो मी बदलते आहे. काल रात्री तुम्ही सगळ्यांनी जिलेबीला जो न्याय दिला तो पाहिल्यावर त्या विषयात काही अर्थ उरला नाही.

खरं कारण वेगळं आहे. काल जेवताना एक मैत्रीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, पोरगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेला घाबरत नाही, पण इंटर्नशिपचं नाव काढलं की रडायला लागते. जरा बोल ना तिच्याशी." थोड्या वेळाने आणखी एक मित्र आला, त्याच्या मुलाचं तेच. मोजलं तर आपल्या बॅचची सात मुलं डॉक्टर होण्याच्या वाटेवर आहेत. म्हणून आजचं बोलणं त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही ऐकावं, कारण त्यांच्या डब्याची आणि झोपेची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे.

या शहरात वाढलेल्यांना सरकारी दवाखाना म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शहराचं नाव बदललं, पण घाटी ती घाटीच राहिली. १९५६ साली हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि तेव्हापासून जालना, बीड, परभणी, पार बुलडाण्याकडूनही माणसं "घाटीत न्या" या दोन शब्दांवर गाडीत बसतात. माझ्या आजीला तिथे दाखल केलं होतं तेव्हा मी सातवीत होते. रात्री बारा वाजता एक शिकाऊ डॉक्टर आली, आजीची नाडी पाहिली, पांघरूण नीट केलं आणि "आजी, मी इथेच आहे" म्हणाली. मला डॉक्टर व्हायचं ते तेव्हा ठरलं. ती मुलगी स्वतः किती घाबरलेली असेल, हा विचार माझ्या मनात यायला पुढे दहा-अकरा वर्षं गेली.

एमबीबीएस मी बाहेरगावी केलं. १९९३ साली माझी इंटर्नशिप सुरू झाली. कॉलेजचं आणि गावाचं नाव सांगत नाही, कारण आता जे सांगणार आहे त्यात दोष माझा आहे, त्या दवाखान्याचा नाही. घरच्यांखेरीज हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मेडिसिनच्या वॉर्डात माझा दुसरा आठवडा होता. एक तरुण शेतकरी दाखल होता. आपल्याकडे म्हणतात तसं, त्याने 'औषध घेतलं' होतं. फवारणीचं. पहिल्या रात्री घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, सगळं होतं. अॅट्रोपिन दिलं आणि तो सावरला. दुसऱ्या दिवशी आईशी बोलला, चहा प्यायला. आम्ही सगळे खूश. तिसऱ्या रात्री वॉर्डात मी एकटी इंटर्न. दीडच्या सुमाराला सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, त्या पेशंटला उशीवरून मान उचलता येत नाहीये. मला बरं दिसत नाही."

मी जाऊन पाहिलं. नाडी ठीक, बीपी ठीक. मान खरंच उचलली जात नव्हती. पुस्तकात वाचलं होतं की अशा विषबाधेत एक ते चार दिवसांनी मानेचे आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण आदल्याच रात्री एका साध्या गोष्टीसाठी मी रजिस्ट्रार सरांना उठवलं होतं आणि चार शब्द ऐकले होते. वाटलं, थकला असेल, सकाळी राऊंडला सांगू. मी टेबलाशी जाऊन केसपेपर चाळत बसले. अर्धा तास. शेवटी सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही बोलावता की मी बोलावू?"

मी फोन केला. सर धावत आले. रागावले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत, नळी घातली. व्हेंटिलेटर सकाळी मोकळा झाला. तोवर मी, वॉर्डातले मामा आणि त्या मुलाचा भाऊ, आम्ही तिघांनी पाळीपाळीने अम्बू बॅग दाबली. तो मुलगा तीन आठवड्यांनी चालत घरी गेला. पण तो अर्धा तास माझ्याकडेच राहिला आहे. सिस्टर नसत्या तर काय झालं असतं, हे मला नीट माहीत आहे.

सकाळी मी सरांना सांगितलं, "मला दीड वाजता कळलं होतं, मी दोनला फोन केला." ते म्हणाले, "पुन्हा कधीही शंका आली तर उठव. मी चिडेन. तरी उठव." मुलांनो, एवढंच घरी घेऊन गेलात तरी माझं बोलणं वाया गेलं नाही.

आता तुमच्या भीतीकडे येते. काल तुमच्याशी बोलताना तिचे तीन प्रकार दिसले.

पहिली भीती, "मला काहीच येत नाही." साडेचार वर्षं शिकून असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. इंटर्नने निदानाचे चमत्कार करावेत अशी कुणाचीच अपेक्षा नसते. रक्त घेणं, सलाईन लावणं, रिपोर्ट आणणं, ड्रेसिंग करणं, डिस्चार्ज कार्ड लिहिणं, ही कामं असतात. शीर पहिल्या दिवशी सापडत नाही, विसाव्या दिवशी सापडते. आणि या 'किरकोळ' कामांवर जीव अवलंबून असतो. पावसाळ्यात आपल्याकडे साप चावलेले पेशंट येतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि नळी तिरपी करून पाहायचं. रक्त गोठलं नसेल तर प्रतिविष लगेच सुरू करावं लागतं. यासाठी लागते एक नळी, एक घड्याळ आणि वीस मिनिटांनी आठवणीने परत येणारा इंटर्न.

तुम्हाला एकच गोष्ट पक्की यायला हवी. समोरचा माणूस ठीक आहे की बिघडतो आहे, हे ओळखणं. नाडी, बीपी, मिनिटाला श्वास किती, ऑक्सिजन, शुद्ध, लघवी, साखर. हे पाहा, लिहा आणि वरच्यांना कळवा. कळवताना चार वाक्यं पुरतात. पेशंट कोण, कशासाठी दाखल, आत्ता काय बदललं, मला काय हवंय. "सर, जरा बघता का" असं मोघम बोलू नका. "सर, श्वास मिनिटाला चाळीस आहे, तुम्ही यायला हवं," असं सांगा. आणि सिस्टरांचं ऐका. "मला बरं दिसत नाही" या त्यांच्या वाक्यामागे वीस वर्षांच्या रात्री असतात.

दुसरी भीती, "माझ्या हातून चूक झाली तर?" होईल. माझ्या झाल्या, माझ्या शिक्षकांच्याही झाल्या असतील. आपले गणिताचे सर समोर बसले आहेत. ते म्हणायचे, उत्तर चुकलं तरी चालेल, पण पायऱ्या दाखवा. केसपेपरचंही तेच आहे. काय पाहिलं, काय केलं, किती वाजता केलं, हे लिहा. चूक कळली की त्याच क्षणी सांगा. सांगितलेली चूक बहुतेक वेळा सुधारता येते, लपवलेली वाढत जाते. औषधाचा डोस, पेशंटचं नाव, रक्ताच्या पिशवीवरचा गट, हे दोनदा वाचण्यात कमीपणा नाही.

तिसरी भीती, "मला हे झेपेल का?" इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कामाचे तास खरोखर जास्त आहेत. निवासी डॉक्टरांना साधारणपणे दिवसाला बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काम नसावं, असं केंद्र सरकारने १९९२ सालीच लिहून ठेवलं आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांची मर्यादा सुचवली. सुचवायचा आकडाच चौऱ्याहत्तर, यावरून काय ते समजा. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी दवाखान्यात दगावली, तिच्या वडिलांनी प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे १९८९ मध्ये त्या राज्यात शिकाऊ डॉक्टरांना आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आली. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात जे घडलं, त्यानंतर मुलींच्या आईवडिलांच्या पोटात गोळा येतो हे मला कळतं. ही भीती तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. ती व्यवस्थेने दूर करायची आहे आणि त्यासाठी एकत्र बोलावंच लागतं. रॅगिंग सहन करणं हा शिक्षणाचा भाग नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

तोवर स्वतःला जपा. ड्यूटीला जाताना डबा आणि पाण्याची बाटली न्या. रात्रपाळी करून स्कूटर चालवू नका, रिक्षा करा किंवा घरच्यांना बोलवा. वॉर्ड सोडताना पुढच्या डॉक्टरला पेशंट नीट समजावून द्या, मग घरी झोप लागते. आणि रोज रडू येत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते दुखणं आहे, त्याला उपचार आहेत. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो. तो पेशंटांना देतो तसाच आपणही वापरायचा.

आईवडिलांना एकच विनंती. पोरगं छत्तीस तासांनी घरी आलं की पीजीच्या प्रवेशाचं काय, हे विचारू नका. आधी वरणभात वाढा. बोलायचं असेल तर तेच बोलेल.

चांगल्या गोष्टीही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल नुसतं दुःखच आहे. तुम्ही पहिल्यांदा बाळंतपण कराल, आणि बाळ रडेल. तुम्ही लावलेल्या सलाईनने निपचित पडलेलं पोर संध्याकाळी बिस्किट मागेल. सुट्टी होऊन जाणारी एखादी म्हातारी तुमच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडेल. त्या दिवशी स्टायपेंड किती, हे आठवत नाही.

मला अजूनही भीती वाटते. तीस वर्षं झाली, तरी रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. ज्या डॉक्टरला कशाचीच भीती वाटत नाही, त्याच्याकडे मी माझ्या आईला नेणार नाही.

माझा नंबर समितीच्या यादीत आहे. तुम्ही सातही जण तो लिहून घ्या. रात्री दोन वाजता, मान उचलत नाही की सकाळी सांगू, असा प्रश्न पडला, तर आधी तुमच्या सरांना फोन करा. ते चिडले, तर मग मला करा.