या आठवड्याचा हिशोब

आज जरा माझ्याच आठवड्याबद्दल बोलतो.

सोमवार ते गुरुवार रिलीज. रात्री दोन-दोनपर्यंत बग, वर चहावर चहा. बुधवारी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये बीपी निघालं १४२/९४. वय २८! डॉक्टर म्हणाले, "एका रीडिंगवर घाबरू नका, आठवडाभर मोजा. पण झोप आणि मीठ सांभाळा."

शुक्रवारी साताऱ्याला बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. "तू नको येऊस, अर्ध्या तासाचं काम आहे," असं ते म्हणालेले. खरं सांगू? मला ते सोयीचंच वाटलं होतं. पण तो आकडा डोक्यातून जाईना. पहाटे स्वारगेटहून एसटी पकडली. खंबाटकी घाट गेला तरी लॅपटॉप उघडला नाही.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी आई हळूच म्हणाली, "वर्षभर पेपर वाचता येत नव्हता त्यांना. तुझे एपिसोड ऐकत बसायचे."

मी दर एपिसोडचे लिसनर्स मोजतो. त्यातले एक बाबा होते, आणि का ऐकतात ते मी कधी विचारलंच नाही.

आज इथूनच रेकॉर्ड करतोय. मध्येच उठून त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचेत. मागे कुकरची शिट्टी ऐकू येईल, ती मुद्दाम ठेवलीये.

तुम्हीही आज घरी फोन केलात, तर "जेवलात का?"च्या पुढे एक प्रश्न जास्त विचारा. भेटू पुढच्या रविवारी!