घाटात गाडी का लागते?

सुट्टीत मुलांना घेऊन वाईहून पाचगणीला निघावं आणि पसरणीच्या घाटात दोन-चार वळणं होतात न होतात तोच मागून आवाज यावा, “आई, मळमळतंय!” गाडी लागण्याचा हा त्रास साधारण 2 ते 12 वर्षांच्या मुलांना जास्त होतो. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, त्याला प्रत्येक वळण जाणवतं. डोळे मात्र मोबाइलवर खिळलेले असतात. दोघांच्या निरोपांचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळायला लागतं. म्हणून घाटात मोबाइल, पुस्तक बाजूला ठेवा. मुलांना समोर लांबवर पाहायला सांगा, काच थोडी खाली करा. निघताना पुरी-भाजी, वडे नकोत. इडलीसारखं हलकं खाणं बरं, पण उपाशीपोटीही निघू नका. उलटीची गोळी ऐन घाटात देऊन फारसा उपयोग होत नाही. ती डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा-एक तास द्यावी. आणि कितीही मळमळलं, तरी मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊ नका. गाडी सुरक्षित जागी थांबवा, जरा मोकळी हवा खाऊ द्या आणि पुन्हा मागेच, पट्टा लावून बसवा.